इंदूरच्या छत्र्या : एक इतिहासवाचन

ज्या समाजात प्रेताला अग्नी देण्याची रीत आहे, त्या समाजात स्मशान ही पाहण्याची जागा होत नाही. राख नदीला मिळाली, दहावे-तेरावे झाले, की त्या स्थळाशी घरच्यांचा संबंध सरतो. वर्षश्राद्ध घरी होते किंवा तीर्थावर होते. स्मशानात कोणी पुन्हा फुले घेऊन जात नाही. म्हणून युरोपातील किंवा आपल्याकडील कलकत्त्यासारख्या शहरातील जुन्या दफनभूमीतून जाणत्या मार्गदर्शकाबरोबर हिंडावे, एकेका थडग्यावरचा लेख वाचावा आणि त्यातून त्या शहराचा इतिहास ऐकावा, ही कल्पना आपल्या मनाला प्रथम काहीशी परकी वाटते. आमच्या इंदूरकडे मात्र या नियमाला एक भव्य अपवाद आहे. होळकरांच्या छत्र्या हा तो अपवाद होय. दरवर्षी थंडीच्या दिवसांत मी वरच्या वर्गाचे विद्यार्थी आणि काही सहशिक्षक यांना घेऊन या छत्र्या पायी फिरून दाखवीत असतो. त्या फिरण्यात जे सुचत गेले, ते अध्यापक बंधुभगिनींसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. छत्री म्हणजे समाधी नव्हे आणि कबर तर नव्हेच. संन्याशाला पुरतात, त्यावर समाधी बांधतात. सामान्य गृहस्थाच्या दहनस्थळी फार तर एखादे वृंदावन उभे राहते. छत्री ही राजपुरुषाची. जिवंतपणी ज्याच्या मस्तकावर छत्र धरले जात होते, त्याच्या रक्षेवरही छत्र असावे, हा त्यामागील भाव. राजपुतान्यात आणि बुंदेलखंडात ही चाल मराठ्यांच्या आधीपासून होती. तेथील छत्री बहुधा चारी बाजूंनी मोकळी असते : जोते, खांब आणि वर घुमट. मराठे उत्तरेत स्थिरावले तेव्हा त्यांनी शब्द घेतला, कल्पना घेतली, पण इमारत मात्र आपल्या देवळाच्या घाटाची केली. गर्भगृह, त्यावर शिखर, पुढे सभामंडप, समोर नंदी, आत शिवलिंग, आणि लिंगामागे दिवंगताची मूर्ती किंवा मुखवटा. पुण्यास वानवडीला महादजी शिंद्यांच्या छत्रीत ज्यांनी दर्शन घेतले असेल, त्यांना हा प्रकार परिचित आहे. छत्रीत शिरणारा माणूस नकळत चपला बाहेर काढतो आणि घंटा वाजवितो. आपण मृताच्या स्मारकात आहोत की देवळात, याचा निर्णय इमारतच होऊ देत नाही.

या देवाणघेवाणीची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. परदेशातून आलेल्या इंग्रजांनासुद्धा या देशातील मृत्यूच्या वास्तुशिल्पाचा मोह आवरला नाही. सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन इ. स. १६६९ मध्ये वारला. हाच तो शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीच्या वेळचा वखारवाला. त्याच्या कुटुंबाची कबर सुरतेस आहे, ती खांब-घुमटांची दुमजली इमारत पाहून कोणी ती मुसलमान अमिराची म्हणेल. कलकत्त्याची पार्क स्ट्रीटची दफनभूमी इ. स. १७६७ मध्ये उघडली. पुढे आपण मालेरावाच्या छत्रीशी येऊ, तेव्हा हे साल पुन्हा आठवावे. कारण मालेराव होळकराच्या मृत्यूचे सालही तेच आहे. एकाच वर्षी गंगेकाठी कंपनीचे नोकर आपल्या मेलेल्यांसाठी जागा आखीत होते आणि माळव्यात एका विधवा सासुरवाशिणीच्या हाती राज्य येत होते.

आमचे फिरणे राजवाड्यापासून सुरू होते. तेथून थोड्या मिनिटांत नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात. इंदूरला येणारा प्रवासी ज्यांची छायाचित्रे घेतो, त्या याच. येथे एक छत्री स्वतंत्र आहे आणि दुसरी जोडछत्री आहे. स्वतंत्र छत्री कृष्णाबाईंची. जोडछत्री दुसरे तुकोजीराव आणि त्यांचे पुत्र शिवाजीराव यांची. बाहेरच्या भिंतींवर देव-देवता, वादक, शिपाई आणि दरबारी माणसे कोरलेली आहेत. मुले आधी तीच पाहतात आणि पाहू द्यावीत. पागोट्याचे घाट, अंगरख्याची कळी, हातातील वाद्य, बंदूक धरण्याची ढब, या गोष्टी क्रमिक पुस्तकात सापडत नाहीत. दगडात कोरणाऱ्याला नोंद ठेवण्याची हौस नव्हती. त्याने समोर जे पाहिले ते कोरले, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

कृष्णाबाईंची छत्री पहिली दाखवावी, असा माझा आग्रह असतो. कारण इंदूर ही राजधानी म्हणून ज्या काळात उभी राहिली, त्या काळाचा धागा या बाईंच्या हाती होता. अहिल्याबाईंची कीर्ती एवढी मोठी की तिच्या तेजात पुढच्या स्त्रिया दिसेनाशा झाल्या. कृष्णाबाई, जिला केसरीबाई असेही म्हणत, ही यशवंतराव होळकरांची स्त्री. थोर कुळातली नव्हती. तिच्या पोटचा मुलगा मल्हारराव १८११ मध्ये गादीवर आला तेव्हा तो अवघा पाच-सहा वर्षांचा होता. मुलगा तिचा, पण कारभार तुळसाबाईचा. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पाडाव झाला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचा हक्क गेला, कंपनीची फौज उरावर आली. तात्या जोगासारखा हुशार कारभारी होता, म्हणून जे राहिले ते तरी राहिले. त्या वर्षापासून राजधानी इंदूरला आली. मुलगा १८३३ मध्ये तिशीही न गाठता वारला. मागे गादीसाठी भांडणे झाली. मार्तंडराव काही महिने बसला आणि उतरला. महेश्वरच्या किल्ल्यातील कैदेतून हरिराव आणला गेला, तो १८४३ मध्ये गेला. त्याच्यामागून बसलेला पोरवयाचा खंडेराव पुढल्याच वर्षी गेला. या साऱ्या पडझडीत टिकून राहिली ती ही म्हातारी बाई. १८४४ मध्ये नऊ वर्षांच्या तुकोजीरावाला गादीवर आणण्यात तिचा हात होता आणि १८४९ मध्ये मरेपर्यंत त्याच्या नावाने तिने कारभार पाहिला. मुलगा गेला, सत्ता गेली, मुलूख गेला, आणि तरीही घर राहिले, हे त्या छत्रीत उभे राहून सांगितले म्हणजे मुलांना अधिक काही सांगावे लागत नाही.

शेजारच्या जोडछत्रीत बाप-लेक आहेत. दुसरे तुकोजीराव हे मोठे धोरणी आणि पैशाची किंमत जाणणारे संस्थानिक. खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, ही १८७० ची गोष्ट. राजाने सावकाराला कर्ज मागण्याची आपल्याकडे परंपरा. येथे मांडलिक राजा सार्वभौम सरकारचा सावकार झाला. १८८६ मध्ये ते वारले. शिवाजीराव अगदी निराळ्या प्रकृतीचे. त्यांच्या लहरीच्या कथा इंदुरात अजून सांगतात आणि प्रत्येक मार्गदर्शक त्या मोठ्या चवीने सांगतो. मला वाटते, त्या कथांआधी एक गोष्ट सांगावी : ज्या होळकर महाविद्यालयात माळव्यातील कित्येक पिढ्या शिकल्या, ते १८९१ मध्ये याच शिवाजीरावांच्या काळात स्थापन झाले. १९०३ मध्ये त्यांना गादी सोडावी लागली आणि बारा वर्षांचा मुलगा राजा झाला. १९०८ मध्ये ते वारले. एकाच जोत्यावर दोन विरुद्ध स्वभावांची माणसे शेजारी आणून बसविण्यात बांधणाऱ्याचा काही हेतू असेल असे नाही. पाहणाऱ्याला मात्र पिता-पुत्रांच्या इतिहासातील नेहमीचे दुखणे तेथे दिसते.

कृष्णपुऱ्याहून छत्रीबागेकडे जाताना नदीची संगत धरावी. खान नदी, तिला अलीकडे कान्ह म्हणण्याची रीत पुन्हा पडते आहे. एके काळी तिच्यात पाय घालण्याची इच्छा होत नसे. २०१७ पासून इंदूर शहर स्वच्छतेत देशात वारंवार पहिले येऊ लागले, तेव्हापासून काठ पुष्कळ सुधारले, पण नदी ती नदी झाली आहे असे म्हणवत नाही. दहन नदीकाठी व्हावे हा नियम. म्हणून छत्र्याही नदीकाठी. शहर नंतर त्यांच्याभोवती वाढले. मुळात गावाबाहेरची शांत जागा, ती आज वाहनांच्या गर्दीत आहे.

छत्रीबाग जुनी आहे. पेठेच्या गडबडीतून आत पाऊल टाकले की आवाज एकदम मागे पडतो. भक्कम भिंतींचे आवार, दगडी फरसबंदी, आणि दुपारच्या वेळी खांबांच्या सावलीत निजलेला एखादा कामकरी. घराण्याचे संस्थापक मल्हारराव, त्यांचा नातू मालेराव आणि पुढील काही राजपुरुष यांच्या छत्र्या येथे आहेत. कृष्णपुऱ्याएवढी नक्षीची श्रीमंती येथे नाही, आणि मला ते बरे वाटते. पण अध्यापकाची खरी परीक्षा येथेच होते. कारण मालेरावाच्या छत्रीपाशी आले की कोणीतरी 'आडा बाजारा'ची कथा काढतोच.

कथा इंदुरात लहान मुलालाही ठाऊक आहे. मालेरावाच्या रथाखाली गाईचे वासरू सापडून मेले. गाय तेथेच बसून राहिली. अहिल्याबाईंनी विचारले, आईदेखत तिचे लेकरू मारणाऱ्यास काय शिक्षा? उत्तर आले, मृत्यू. तेव्हा त्यांनी पोटच्या मुलाला हातपाय बांधून रस्त्यावर टाकविले आणि स्वतः रथ हाकला. परंतु ती गायच आडवी आली, पुनःपुन्हा आडवी आली. म्हणून त्या पेठेचे नाव आडा बाजार. एकदा एका फिरस्त्या मंडळीबरोबर आलेल्या तरुण मार्गदर्शकाने हीच कथा सांगून, पुढे मुलाला हत्तीच्या पायी दिले अशी जोडही दिली, आणि ऐकणाऱ्यांनी हळहळून माना डोलावल्या. मुलगा मेला तो आईच्या न्यायाने, अशी समजूत घेऊन ते लोक आपापल्या गावी गेले.

इतिहास वेगळा आहे. मल्हाररावांच्या मृत्यूनंतर १७६६ मध्ये मालेराव गादीवर आला आणि वर्षही पुरते न होता, १७६७ च्या वसंतात, आजाराने मेला. त्याची बुद्धी चळली होती असे समकालीनांचे म्हणणे. या प्रांती अधिकारी म्हणून आलेल्या जॉन माल्कमने अहिल्याबाईंना पाहिलेल्या माणसांकडून माहिती मिळविली आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात ती नोंदली. मालेरावाने संशयाने एका निरपराध कारागिराला मारविले आणि त्याच्या भुताने त्याला झपाटले, अशी लोकांची समजूत त्याने दिली आहे. आई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून त्या पिशाच्चाची विनवणी करीत होती, हेही दिले आहे. आईनेच मुलाला मारले अशी एक वदंता इंग्रजांत पसरली होती, ती खोटी असल्याचे माल्कमने स्पष्ट लिहिले. म्हणजे शत्रुपक्षाच्या माणसाने खोडून काढलेला प्रवाद आपण आज भक्तिभावाने, न्यायनिष्ठेचा दाखला म्हणून, पुन्हा जिवंत करीत आहोत.

माझे म्हणणे, कथा सांगूच नये असे नाही. अशा कथा लोकांच्या मनातील राजधर्माच्या अपेक्षेचा इतिहास सांगतात. गाईला न्याय देणाऱ्या राजाची कथा दक्षिणेत चोळ राजाबद्दलही सांगतात, हे मुलांना सांगितले की ती कथा कोठून कोठे प्रवास करते याचे त्यांना कुतूहल वाटते. परंतु ती कथा म्हणून सांगावी, घटना म्हणून नव्हे. आणि वस्तुतः जे घडले ते कमी हृदयद्रावक आहे काय? १७५४ मध्ये नवरा गेला, १७६६ मध्ये सासरा गेला, १७६७ मध्ये एकुलता मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर दोन सुना सती गेल्या. पुढे १७९१ मध्ये जावई वारला तेव्हा मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने पाय धरून विनविले तरी ती ऐकेना. जिला स्वतःला सासऱ्याने चितेवरून मागे फिरविले, तिला मुलीला फिरविता आले नाही. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, तेव्हा सभा-समारंभ पुष्कळ झाले. या एका वाक्यावर कोणी थांबलेले मी ऐकले नाही.

छत्रीबागेतून परतताना मी फळ्यावर काढावा तसा एक नकाशा मुलांकडून वहीत काढून घेतो. होळकर घराण्यातील कोण कोठे मेले, त्या गावांवर ठिपके द्यावयाचे. खंडेराव : भरतपूरकडे कुम्हेरचा वेढा, मार्च १७५४, तोफेचा गोळा, छत्री तेथेच जवळ गांगरसोळीला. थोरले मल्हारराव : २० मे १७६६, आलमपूर, अहिल्याबाईंनी तेथे छत्री बांधली, आणि केवळ त्या छत्रीच्या खर्चासाठी म्हणून तो दूरचा तुटक परगणा शेवटपर्यंत इंदूर संस्थानात राहिला. अहिल्याबाई : १३ ऑगस्ट १७९५, महेश्वर, नर्मदाकाठ. पहिले तुकोजीराव : १७९७, पुणे. त्यांचा मुलगा मल्हारराव : त्याच वर्षी पुण्यातच, शिंद्यांच्या फौजेने घातलेल्या छाप्यात. दुसरा मुलगा विठोजी : १८०१, पुणे, दुसऱ्या बाजीरावाच्या हुकुमाने हत्तीच्या पायी, त्याची छत्री महेश्वरला. यशवंतराव : १८११, भानपुरा, जेथे त्याने तोफा ओतण्याचा कारखाना घातला आणि जेथे त्याचे चित्त भ्रमले, त्याच्या छत्रीच्या आवारात आज वस्तुसंग्रहालय आहे.

वहीतला हा नकाशा भरतपूरपासून पुण्यापर्यंत पसरतो. मग १८१८ नंतरचे ठिपके द्यावयास सांगावे. ते सारे आपल्याच संस्थानाच्या हद्दीत, बहुतेक इंदुरातच पडतात. लढाईच्या छावणीत मरण पुन्हा कोणालाच आले नाही. मंदसोरच्या तहाने मराठी राज्याचे काय झाले, हे कलमे पाठ करून जितके कळत नाही, तितके या ठिपक्यांनी कळते, असा माझा अनुभव आहे. घोड्यावर बसलेले राज्य खाली उतरले आणि घरात राहावयास आले. कृष्णपुऱ्याच्या नक्षीतली समृद्धी ही त्या घरात राहण्याची समृद्धी आहे. रणांगणावर खर्च होणारा पैसा दगडावर खर्च होऊ लागला. शिल्पाच्या दृष्टीने हा लाभच म्हणावयाचा. इतर दृष्टींनी काय म्हणावे ते ज्याने त्याने ठरवावे.

या नकाशात एक जागा रिकामी राहते. तुळसाबाईची. यशवंतरावाच्या मागे सहा वर्षे जिच्या हाती राज्याची मोहर होती, तिला महिदपूरच्या लढाईच्या आदल्या रात्री तिच्याच फौजेतील लोकांनी क्षिप्रेच्या काठी नेले, तिचा शिरच्छेद केला आणि देह नदीत टाकला. दहन नाही, म्हणून छत्री नाही. ती इंग्रजांशी संधान बांधीत होती असा वहीम होता. ती देखणी होती, क्रूर होती, स्वैर होती, असे सारे आपण वाचतो. पण हे चित्र मुख्यतः माल्कमच्या लेखणीतले, आणि माल्कम हा महिदपूरला तिच्या राज्याविरुद्ध लढलेला सेनानी आणि मंदसोरच्या तहाचा कर्ता. मालेरावाच्या बाबतीत माल्कमवर विश्वास ठेवावा आणि तुळसाबाईच्या बाबतीत ठेवू नये, हा पक्षपात नव्हे काय, असा प्रश्न एका चलाख मुलीने मला विचारला होता. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, जेथे साक्षीदार आपल्याच लोकांत रूढ झालेली वदंता खोडतो, तेथे त्याचे वजन अधिक; जेथे त्याच्या साक्षीने त्याच्याच कृत्याचे समर्थन होते, तेथे कमी. एवढा विवेक शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलांना यावयास हरकत नाही, आणि तो छत्रीच्या ओट्यावर जितका सहज येतो तितका वर्गात येत नाही.

ज्यांना छत्री नाही अशांचे स्मरण करण्यासाठी मी फिरण्याचा शेवटचा टप्पा नदीकाठ सोडून जुन्या रेसिडेन्सीच्या बाजूला नेतो. अंतर बरेच आहे. थकलेल्यांनी रिक्षा करावी. १ जुलै १८५७ ला सकाळी रेसिडेन्सीवर तोफा डागल्या गेल्या. सआदतखान या उठावाचा पुढारी. कर्नल ड्युरंड उरलेल्या माणसांसह निसटला, मागे राहिलेल्यांत बायकामुलांसह कित्येक मारले गेले. सआदतखान पुढे बरीच वर्षे हाती लागला नाही; शेवटी पकडला जाऊन १८७४ मध्ये फासावर गेला. अमझेऱ्याचा राजा बख्तावरसिंह याला १० फेब्रुवारी १८५८ ला इंदुरात फाशी दिले. ज्या कडुलिंबाशी हे घडले, ती जागा आज महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या आवारात आहे. रुग्णांचे नातेवाईक त्या सावलीत शिदोरी सोडून बसतात. त्याच १८५८ साली मल्हारगंजाकडे सरदार बोळिया यांची डौलदार छत्री उभी राहिली. एका वर्षातली ही दोन स्मारके : एक दगडाचे, एक झाडाचे. मुलांनी दोन्ही एकाच दिवशी पाहावीत.

विसाव्या शतकाकडे वळल्यावर ठिपके पुन्हा दूर जाऊ लागतात, पण तलवारीमुळे नव्हे. तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. ते १९७८ मध्ये पॅरिसला वारले. त्यांचे पुत्र दुसरे यशवंतराव १९६१ मध्ये मुंबईला गेले. या यशवंतरावांच्या मनात इंदुरात एक निराळीच वास्तू होती. रुमानियाचा प्रख्यात शिल्पकार ब्रांकुशी याच्याकडून त्यांनी उड्डाण करणाऱ्या पक्ष्याची तीन शिल्पे घेतली होती, एक ब्राँझचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे, आणि ती ठेवण्यासाठी ध्यानमंदिर बांधण्याचे दोघांनी योजिले होते. तरुण राणी संयोगिताराजे १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला. पण मंदिर झाले नाही. संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहेत. मूर्ती नाही, लिंग नाही, केवळ वर झेपावणारा एक दगड, अशी छत्री कृष्णपुऱ्यापासून काही अंतरावर उभी राहिली असती, तर ती आमच्या पुजाऱ्यांना आणि आम्हां मास्तरांना कितपत पचली असती, याचा विचार मी पुष्कळदा करतो. बहुधा पहिल्या दिवशी हसू आले असते आणि पुढे तिच्यासमोरही कोणी नारळ फोडला असता.

आता आपल्या भाषेविषयी थोडे. या सर्व स्थळी फलक आहेत ते हिंदीत आणि इंग्रजीत. ते योग्यच, राज्याची भाषा हिंदी आहे आणि येणारा प्रवासी चारी दिशांचा असतो. पण फलकावर 'होलकर' असे असते. होळ गावचे ते होळकर. 'ळ' गेला की गावही गेले. मौज अशी की, माळव्याच्या खेड्यातील बोलीत ळकार उत्तम आहे. शेतकरी 'माळवो' म्हणतो. म्हणजे हा वर्ण येथील मातीला परका नाही, केवळ छापील नागरी हिंदीला परका आहे. इंदूरच्या मराठी घरांतील मुलेही आज आडनाव सांगताना 'होलकर', 'काले', 'गोखले' एका ओळीत म्हणतात, आणि काळ्यांच्या घरी त्याचे कोणाला काही वाटत नाही.

होळकरशाहीची कागदपत्रे मराठीत आहेत, बरीचशी मोडीत आहेत. वासुदेव वामन ठाकूर यांनी 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' इंदुरातून प्रसिद्ध केली त्याला आता ऐंशी वर्षे झाली. त्याआधी पारसनीसांनी महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापली. ही पुस्तके आणि या छत्र्या एकमेकांना पूरक आहेत, पण छत्री दाखविणाऱ्याने पुस्तक पाहिलेले नसते आणि पुस्तक वाचणाऱ्याने छत्रीतील ओवऱ्या मोजलेल्या नसतात. आपल्या साहित्यसंस्थेच्या सभासदांनी हे काम वाटून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. काम फार मोठे नाही. छत्रीबागेतील आणि कृष्णपुऱ्यातील प्रत्येक छत्रीचे माप, खांबांची संख्या, मूर्तीचे वर्णन, असेल तो लेख, आणि तेथील पुजाऱ्याच्या घरी परंपरेने सांगितले जाणारे नाव, ही पाच खाती एका वहीत भरावयाची. शेवटचे खाते सर्वांत निकडीचे आहे. दगड अजून शंभर वर्षे वाट पाहतील. परंतु कोणती छत्री कोणाची, हे तोंडी सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या व्यवसायात आहेत. मोडी जाणणारा एक, फीतपट्टी धरणारे दोन विद्यार्थी आणि ऐकून घेणारा एक, इतकी माणसे पुरतात. दिवाळीच्या सुटीत ऊन कोवळे असते आणि शाळाही बंद असतात. सकाळी सातला राजवाड्यासमोर जमावे.